किल्ल्याचं दार कोणी उघडलं

मंगळवार, ६ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून उत्तर देत नाहीस, आणि तुझ्या वर्कशॉपच्या नंबरवर जो माणूस बोलतो तो दर वेळी "त्या इंजिनाखाली आहेत" एवढंच सांगतो. तीन वर्षांत एकदाही इंजिनाच्या वर आली नाहीस का गं? म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद आडवं पडूनही वाचता येतो.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. (हे वाक्य तू गाळून वाचशील, तरी लिहिते.) गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात आता औषधवाला बसतो. मागची खोली मी ठेवून घेतली. जिथे तू काचा घासायचीस तिथे माझं टेबल आहे. चाकावरून उडणाऱ्या पाण्याचे डाग भिंतीवर अजून तसेच आहेत. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा वर आले.

आता मुद्द्याचं. किल्ल्याची गोष्ट मी वेबकॉमिक करून दर शुक्रवारी टाकते, हे तुला माहीत आहे. माहीत नाही असं दाखवू नकोस, कळेल का ते पुढे. बाबा गेले त्या वर्षी सुरू केली, गेल्या महिन्यात तीनशेवा भाग झाला. गोष्ट तुझीच. आपण एका पलंगावर झोपायचो तेव्हा तू रोज थोडी थोडी सांगायचीस. धुक्याचं सैन्य किल्ल्याला वेढा घालून बसलंय, धुकं ज्याला शिवेल तो स्वतःचं नाव विसरतो. थोरली राजकन्या चोरवाटेने मदत आणायला निघणार, आणि आदल्या दिवशी कोणीतरी आतून दार उघडतं. "कोणी?" म्हणून मी विचारलं, आणि तू म्हणालीस, "उद्या सांगते." तो उद्या काही आला नाही. मी त्या एका प्रश्नावर तीनशे भाग काढले आणि लोक माझ्यामागे हात धुऊन लागले.

काय काय डोकी चालवतात म्हणून सांगू! साइटवर चर्चेचं एक पान आहे. एक गट म्हणतो ज्योतिषी आंधळा नाहीच, सोंग आहे. दुसरा सेनापतीच्या मागे. एका बाईने पंधरा पानं लिहून सिद्ध केलंय की दार घोड्याने उघडलं, कारण चौथ्या भागात घोड्याचा लगाम दाराच्या कडीला बांधलेला दिसतो. तो मी जागा भरायला काढला होता! पण तिचे मुद्दे वाचून क्षणभर मलाही वाटलं, बाई गं, घोडाच असेल. 'चष्मेवाला उंदीर' नावाचा एक आहे. तो पुराव्याशिवाय बोलत नाही. सगळे त्याला टरकून असतात, मीही.

मग माझ्याकडून एक चूक झाली. आम्ही चित्रं थरांमध्ये काढतो. भिंत एका लेयरवर, दार दुसऱ्यावर, माणसं तिसऱ्यावर. नको तो लेयर बंद केला की तो दिसत नाही, पण फाइलमध्ये असतो. माझी एक सवय आहे. किल्ल्याचं दार काढायचं असलं की मी आधी एका लेयरवर दारापाशी एक लहान मुलगी काढते, खालच्या खिट्टीवर हात ठेवलेली. मग तो लेयर बंद करते आणि बाकीचं चित्र काढते. तिच्याशिवाय मला दाराचं माप सापडत नाही. सहा वर्षांत दार जितक्यांदा आलं तितक्यांदा ती तिथे होती आणि कोणालाच दिसली नव्हती.

तीनशेव्या भागानिमित्त एक मोठं चित्र द्यायचं होतं. संपादकबाई सकाळपासून फोनवर फोन करत होत्या, "झालं का? झालं का?" घाईत मी तो लेयर बंद न करताच चित्र पाठवलं. अकरा मिनिटं ते साइटवर होतं. रंग भरणारा आमचा रंगारी आधी ओरडला, "मॅडम, ही पोरगी कोण? हिला मी रंग दिलेला नाही!" मी चित्र काढून घेतलं, पण तोवर हजारभर लोकांनी ते उतरवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून चर्चेच्या पानावर रणकंदन चाललंय. उंदराने एकच ओळ लिहिली, "मुलगी आज काढलेली नाही. ती पहिल्यापासून आहे." खाली पुरावा म्हणून जुनी चित्रं जोडली होती, दर वेळी दारापाशी तिच्याएवढी जागा मोकळी.

संपादकबाई म्हणतात, खुलासा द्या, तांत्रिक चूक म्हणा, आणि गुपित अजून शंभर भाग ताणा. मी म्हटलं, ती मुलगी चूक नाही, तर खुलासा कसला देऊ?

पण पत्र त्यासाठी नाही. त्या गोंधळात एकजण सगळ्यांशी एकटा भांडतोय, किंवा भांडतेय. नाव घेतलंय 'खारं पाणी'. म्हणणं एकच, दार राणीने उघडलं. राजकन्येच्या आईने. कोणी काहीही पुरावा देवो, हे आपले तिथेच. परवा खाऱ्या पाण्याने लिहिलं, "सगळ्यात खालची खिट्टी सरकवली की मांजराच्या पिल्लासारखी ओरडते. राणीने तिला आधी तेल पाजलं असणार. गोड बोलून घात करणारी माणसं अशी तयारी करतात."

ताई, चित्रातल्या खिट्टीला आवाज नसतो. तीनशे भागांत मी ती एकदाही ओरडवलेली नाही. ते मांजराचं पिल्लू जगात फक्त दोघींना माहीत आहे, आणि त्यातली एक मी. तू तो आवाज पांघरुणात तोंड घालून काढायचीस आणि मी हसून हसून पलंगावरून पडायचे.

वाचून मला आधी हसू आलं आणि मग मी रडले. फोन उचलत नाहीस, पण दर शुक्रवारी वाचतेस! इतके दिवस मी तुला शोधत होते आणि तू माझ्याच पानावर बसून माझ्या वाचकांशी कचाकचा भांडत होतीस. रंगाऱ्याला मी कालच विचारलं होतं, हे खारं पाणी कोण खवट माणूस आहे. तो शब्द मागे घेते. पूर्ण नाही घेत.

तर सांगायचं ते एवढंच, की राणी नव्हती. गोष्टीत नव्हती. तू तिथे जाऊन तिला रोज जोड्याने मारणं थांबव. ती मुलगी कोण, ते मला विचारू नकोस. आत्ता नको. मलाही कामं आहेत, पुढच्या भागाची रेघ धरायची आहे, आणि हे पत्र टपालाच्या वेळेत टाकायचंय.

तब्येत सांभाळ. खाली सरकताना डोकं जप.

तुझी
धाकटी


सोमवार, १९ तारीख

ताई,

तुझं उत्तर मिळालं. जुन्या जॉबकार्डाच्या मागे चार ओळी, त्यावर ग्रीसचा अंगठा. चारही पाठ झाल्या, तरी लिहून दाखवते, म्हणजे मी तसं समजलेच नव्हते असं मला उद्या म्हणता येणार नाही.

"राणीनेच उघडलं. तू तेव्हा लहान होतीस, तुला काय कळतंय. राणी दाखव, मी आठ दिवस सुट्टी काढून तुझ्याकडे राहायला येते; तिच्याशी बोलणार नाही, तुझ्याशी बोलेन. नाही दाखवलीस तर पुन्हा लिहू नकोस."

आठ दिवस! तीन वर्षांपूर्वी मी फोनवर आईचं नाव काढलं आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून मी आठ मिनिटांसाठी झुरतेय. खोटं कशाला बोलू, मी राणी काढली. बुधवारी बसले आणि दिवसभर मान वर न करता काढली. राणीचा हात, बोटातली अंगठी, खिट्टी, मागे धुकं. हात असा उतरला की मलाच दृष्ट काढावीशी वाटली. संपादकबाईंना नुसती रेघ पाठवली तर त्या म्हणाल्या, "वा! आई विश्वासघातकी! लोक वेडे होतील." रंगारी मात्र वेडा झाला नाही. म्हणाला, "रंग भरतो, पण मॅडम, मला ती पोरगी पटली होती."

आई चहा घेऊन आली तेव्हा चित्र समोर उघडंच होतं. तिने कप ठेवला, चष्मा वर केला, वाकून बघितलं. बराच वेळ बघत होती. तिला गोष्ट माहीत आहे, ती कोणाची आहे तेही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "चांगलं काढलंयस. असंच राहू दे."

असंच राहू दे! ताई, मला इतका संताप आला की कप उचलून भिंतीवर मारावा. मी तिच्या देखत ते चित्र पुसलं.

आता नीट ऐक. मधेच फाडू नकोस.

तू अठराची, मी दहाची. जहाजाच्या इंजिनांचं शिक्षण देणाऱ्या त्या संस्थेचं पत्र तू डोळे तपासायच्या तक्त्यामागे लपवलं होतंस. संमतीपत्रावर बाबांची सही तूच ठोकली होतीस. हे दोघींना माहीत होतं. आईला, कारण तिला पलंगाखालची बॅग सापडली आणि तिने ओरडण्याऐवजी स्वतःचा स्वेटर त्यात घातला. आणि मला, कारण तूच सांगितलंस. "परवा सकाळची गाडी. कोणाला बोललीस तर बघ." मी विचारलं, मग गोष्ट? दार कोणी उघडलं? तू म्हणालीस, "सुट्टीत आले की सांगेन."

सुट्टी म्हणजे सहा महिने. मी दिवसभर बोटांवर मोजत होते. दुपारी तू बाहेर गेलीस, बाबा जेवून पडले होते, दुकानात कोणी नव्हतं. मी फ्रेमांच्या खोक्यावर चढले, तक्त्यामागून पाकीट काढलं आणि बाबांच्या खणात ठेवलं, तयार चष्म्यांच्या पाकिटांमध्ये, सगळ्यात वर.

मीच ठेवलं ते, ताई. आईने नाही.

लहान होते, कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षं स्वतःला तेच सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. मला चांगलं कळत होतं. बाबा ते वाचतील, चिडतील, आणि तू जाणार नाहीस, एवढं कळायला दहा वर्षं पुष्कळ झाली. मला तू हवी होतीस आणि गोष्ट हवी होती. तुझं काय होईल याचा मी विचार केला, आणि तरीही ठेवलं.

पुढचं तू अर्धंच पाहिलंस. बाबांनी खण उघडला, वाचलं आणि हाक मारली. आई आधी पोचली. तिने पत्र त्यांच्या हातातून घेतलं. बाबांनी विचारलं, "हे इथे कोणी ठेवलं?" मी दारात उभी होते. आईने माझ्याकडे एकदाच बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे, पण तिला कळलं. तेवढ्यात तू आत आलीस. पत्र आईच्या हातात, आणि आई म्हणत होती, "मी ठेवलं. मीच."

त्यानंतर बाबांनी संस्थेला फोन करून सही आपली नाही म्हणून सांगितलं आणि तुझी जागा गेली. चार वर्षं तू त्या चाकावर काचा घासल्यास, गोष्ट पुन्हा कधी काढली नाहीस, आणि मग एक दिवस निघून गेलीस. बाबांना तू माफ केलंस, कारण त्यांच्याकडून तुझी अपेक्षाच नव्हती. आईने मात्र स्वेटर देऊन पाठीत सुरा खुपसला, असं तुझं मत झालं. आणि ते तू तिला एकदा, एकदाही विचारलं नाहीस. याचा राग मला आहे, आणि तो मी गिळणार नाही. अठरा वर्षं तिच्या पदराला धरून वाढलीस, स्वेटर तिने स्वतः तुझ्या बॅगेत घातलेला, आणि तुला एवढा साधा प्रश्न पडला नाही की ही असं का करेल?

त्या दुपारी आईने मला स्वयंपाकघरात नेलं. मारलं नाही. म्हणाली, "तिला कोणीतरी एक लागेल घरात, ती तू हो. माझ्यावर चार दिवस रागावेल आणि विसरेल. माझी शपथ आहे, बोलायचं नाही." चार दिवस! आईचा हिशेब चुकला म्हणावं तर ती अजून तोच धरून बसलीय. बाबा गेले तेव्हा तू आलीस, बाबांना नमस्कार केलास आणि आईच्या बाजूने अशी गेलीस की जशी वाटेत खुर्ची ठेवलीय. तेव्हाही मी बोलायला गेले, तर तिने माझा हात इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता.

आणि या सगळ्यात माझं काय झालं? माझं चांगलंच झालं. तुझे फोन मला, तुझ्या भेटी मला. चित्र काढायचा माझा पहिला टॅब तूच पाठवलास, "माझ्यासारखी अडकू नकोस" असं चिठ्ठीवर लिहून. त्याच टॅबवर मी ती मुलगी काढते आणि लपवते. तुझ्या प्रेमावर मी बावीस वर्षं चोरासारखी जगले. तू मला जे जे दिलंस ते आईच्या वाट्याचं होतं.

काल आईला सांगितलं, मी लिहितेय. तिने मटार सोलणं थांबवलं नाही.

"शपथ घातलीय मी."

"मोडली."

"मग मी मेले की सांग. तोवर दोघींपैकी एक तरी राहू दे तिला."

"मेल्यावर सांगून काय उपयोग? भांडायला तरी माणूस जिवंत लागतं, आई."

त्यावर तिने सोललेले मटार उगाच चाळवले. मग म्हणाली, "ती तुझ्याशी बोलायची नाही पुन्हा." मी म्हटलं, नाही बोलली तर नाही. तिने शेंगा माझ्या अंगावर टाकल्या आणि आत गेली. रडत होती की नाही ते मी बघायला गेले नाही. माझंही डोकं जाग्यावर नव्हतं.

संपादकबाईंशीही वाजलं. त्या म्हणाल्या, एवढं मोठं गुपित आणि शेवटी एक शेंबडी पोरगी? लोकांना फसल्यासारखं वाटेल. मी म्हटलं, ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना नाही वाटणार, आणि असं कोणाच्या घरात घडलेलं नाही? त्यांनी करार दाखवला. मी म्हटलं, दाखवा. फार तर साइट जाईल. भाग मी रंगाऱ्याकडे दिलाय, तो त्या मुलीला रंग देतोय. चोरासारखी ती अंधारात नाही उभी राहणार, भर दुपारच्या उजेडात राहील. येत्या शुक्रवारचा भाग मी रोखलाय, म्हणजे हे पत्र तुझ्या हातात आधी पडेल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, तीस तारखेला, सगळ्यांना दिसेल. तुला हे उंदराकडून कळावं हे मला चालणार नव्हतं.

तू म्हणतेस राणीनेच उघडलं. खोटं. तुझ्या गोष्टीतली राणी तशी नव्हती, तू ती स्वतः सांगत होतीस तेव्हा तिचा आवाज काढताना तुझा गळा भरून यायचा. त्या वेळी "उद्या सांगते" म्हणताना तुझ्या मनात कोण होतं ते मला माहीत नाही, पण ती नव्हती.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. माफी मागितली की तुला ती द्यावी की नाही हा विचार करत बसावं लागेल, आणि तू माझ्याकडेच बघत राहशील. मला ते नको आहे. तुझी अट मी मोडतेय हे मला माहीत आहे, आठ दिवस गेले हेही. गेले तर गेले. तुझं प्रेम असल्या भावात मला नको.

पंचवीस वर्षं तू अबोला धरलास तो चुकीच्या बाईशी. धरायचाच असेल तर आता बरोबर बाईशी धर. मी सोसेन.

आईचा नंबर तोच आहे. दुपारी ती एकटीच असते, आणि पहिल्या रिंगला उचलते, कारण गेली एकवीस वर्षं ती फोनजवळच बसते. या पत्राचं उत्तर मला देऊ नकोस. तिला दे.

तुला न विचारता तुझीच,
धाकटी